एकाच टायरवर रस्ता पण आणि रेस पण? (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात ब्रेकवर लिहिताना जाता जाता एक ओळ लिहिली होती की ब्रेक फक्त चाक थांबवतो, गाडी थांबवतो तो टायर. बास, त्या एका ओळीवर ब्रेकपेक्षा जास्त पत्रं आली. म्हणून ह्या वेळी सगळं सोडून टायरच घेतलेत. सगळ्यांना उत्तर देणं जमलं नाही, एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, राग मानू नका.

प्रश्न : सर, माझी २०१४ ची पेट्रोल स्विफ्ट आहे, टायरचं माप १८५/६५ आर १५. रोज सिडको ते शेंद्रा जाणं-येणं. मागच्या हिवाळ्यात मित्रांसोबत पुण्याकडं डांबरावरच्या एका ऑटोक्रॉसला (शंकू मांडून त्यांच्यातनं वेळ लावून गाडी पळवतात ते) गेलतो, तिथं शंकूभोवती वळवायला गेलं की टायर निस्ते कोकलायचे अन् गाडी सरळच जायलती. आता एकदा कोईमतूरच्या ट्रॅकवर पण जायचं डोक्यात आहे. चारी टायरचं मिळून बजेट २५ हजार, त्याच्या वर गेलो तर घरचे घरात घेणार नाहीत. मित्र म्हणायलाय की बाहेरचे २०० ट्रेडवेअरवाले मागव. मागवू का?
— सिडको, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नको मागवूस. आणि मित्र चुकीचा आहे म्हणून नाही, मित्र बरोबरच सांगतोय, फक्त दुसऱ्याच माणसाला सांगायचं ते तुला सांगतोय.

ट्रेडवेअर म्हणजे काय ते आधी बघू. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात हा आकडा असतो, सगळ्यांवर नसतो पण बऱ्याच टायरवर असतो. १०० म्हणजे चाचणीसाठी ठरवलेला एक टायर, ३०० म्हणजे त्याच्या तिप्पट टिकेल असा अंदाज. जितका आकडा कमी तितकं रबर मऊ, तितकी पकड जास्त आणि तितका तो लवकर संपणार. अमेरिकेत हौशी ऑटोक्रॉसवाल्यांचे नियमच २०० च्या आकड्यावर बेतलेले असतात म्हणून तिकडं ह्या मापाचं एवढं वेड. पण हा आकडा कंपनी स्वतःच चाचणी करून स्वतःच छापते, तेव्हा एका कंपनीचा ३०० आणि दुसरीचा ३०० समोरासमोर ठेवून भांडण्यात अर्थ नाही, एकाच कंपनीचे दोन टायर तपासायला मात्र तो बरा.

आता आपली गोष्ट. जून २०२० पासून बाहेरून टायर आणण्यावर सरकारनं निर्बंध घातले, आयातीला परवाना लागतो, त्यामुळं तू इंटरनेटवर ज्या टायरांचे व्हिडिओ बघतो ते आपल्याकडं एकतर येतच नाहीत, आले तर जुन्या तारखेचे येतात आणि भाव असा की तुझ्या बजेटात दोनच चाकं बसतील. वर परत एप्रिल-मे मधे आपलं डांबर कसं तापतं ते तुला सांगायला नको, शेंद्र्याला रोज जाण्या-येण्यात तो मऊ टायर खोडरबरासारखा झिजेल, रविवारच्या मजेसाठी तू सोमवार ते शनिवार पैसे जाळणार.

२५ हजारात भारतात बनलेले ह्या मापाचे चार चांगले टायर बसतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, तेव्हा दुकानदार जुनाच भाव सांगत असेल तर बिल मागायचं, आवाज आपोआप खाली येतो. अपोलोचा अल्नॅक ४जी, सिएटचा सिक्युराड्राइव्ह, योकोहामाचा ब्लूअर्थ जीटी ही त्याच पट्ट्यातली नावं. ह्यातलं कोणतं, असं विचारशील तर नावापेक्षा मी दोन गोष्टी आधी बघतो. जाहिरातीत “लाख किलोमीटर” नाहीतर “पेट्रोल वाचवा” अशी भाषा असलेला टायर पकडीसाठी घ्यायचा नाही, तो टॅक्सीवाल्यासाठी आहे, त्याच्यासाठी तो उत्तमच. आणि तारीख. बाजूला लांबट चौकटीत चार आकडे असतात, २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३ वा आठवडा. सहा महिन्याच्या आतला असला तर घे, वर्षाच्या वरचा असला तर दुसरा दाखव म्हणायचं, लाजायचं नाही.

मी लाजलो होतो एकदा. एका दुकानात भाव फारच चांगला मिळाला म्हणून चारी टायर टाकून घेतले, तारीख बघितलीच नाही, घरी येऊन गाडी धुताना बघतो तर चार वर्षापूर्वीचे. नक्षी कोरी, वरचे रबराचे केस सुद्धा तसेच, पण आतनं रबर वाळून कडक झालेलं. पहिल्याच पावसात म्हैसमाळच्या चढावर एका साध्या वळणाला मागची बाजू अशी निघाली की सोबत बसलेले मामा पुढचे दोन तास बोललेच नाहीत, आणि ते गप्प बसणारे गृहस्थ नाहीत.

मापाचं सांगतो. १८५/६५ आर १५ मधे १८५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमधे, ६५ म्हणजे त्या रुंदीच्या ६५ टक्के उंची, १५ इंची डिस्क, म्हणजे टायर ज्याच्यावर बसतो ती रिम. सगळं मिळून चाकाचा व्यास येतो साधारण ६२१ मिमी. १९५/६० आर १५ घेतलास तर व्यास ६१५, म्हणजे एकच टक्का कमी, तुझ्याच डिस्कवर बसतो, बाजूची भिंत थोडी बुटकी म्हणून वळणात गाडी जरा लवकर ऐकते. ह्याच्यापुढं जाऊ नकोस. २०५ टाकून चाकाच्या खाचेत घासत फिरणारे, स्टिअरिंग जड झालं म्हणून परत माझ्याकडंच येणारे मी लई बघितलेत. मापाच्या मागं ८८ एच असं काहीतरी असतं, ८८ म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो आणि एच म्हणजे २१० चा वेग सहन करतो, टी म्हणजे १९०, व्ही म्हणजे २४०. तुला २१० नं जायचं नाहीये, पण जास्त वेगासाठी बांधलेला टायर बहुतेक वेळा तापल्यावर जरा ताठ राहतो म्हणून एच किंवा व्ही मिळाला तर बघ.

आता खरा मुद्दा, आणि हा कोणताही दुकानदार सांगणार नाही कारण ह्यात त्याचा धंदा नाही. आत्ता गाडीवर जे टायर आहेत त्यांची नक्षी किती उरलीय ते तू लिहिलंच नाहीस. समजा तीन-चार मिलिमीटर उरलीय आणि टायर पाच वर्षाच्या आतले आहेत, तर ते दुकानात दोन-चारशेला देऊन येऊ नकोस, तोच तुझा रेसचा सेट. ऐकायला उलटं वाटेल पण कोरड्या डांबरावर अर्धा झिजलेला टायर नव्यापेक्षा बरा चालतो. नव्या टायरच्या नक्षीचे ठोकळे सात-आठ मिलिमीटर उंच असतात, जोरात वळलं की ते लुळे पडून हलतात, हलले की तापतात, तापले की रबर चिकट व्हायच्या ऐवजी तेलकट होतं आणि तुकडे निघतात. ठोकळा बुटका झाला की हलणं कमी. बाहेरच्या देशात रेसवाले नवे टायर पैसे देऊन मुद्दाम तासून घेतात, आपल्याकडं शेंद्र्याचा रस्ता ते काम फुकटात करतो.

म्हणजे असं कर, भंगारातनं नाहीतर कुणी अलॉय टाकल्यावर काढून ठेवलेल्या स्टीलच्या चार डिस्का बघ, बोल्टाचं माप जुळलं पाहिजे, वाकलेल्या नकोत. जुने टायर त्याच्यावर चढव. नवे टायर मृगाच्या आधी, मे संपता संपता रोजच्या गाडीवर घाल, कारण खोल नक्षी लागते ती पावसात, पाणी बाहेर फेकायला. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली, इव्हेंट सुरू झाले की जुना सेट गाडीत टाकून न्यायचा. दोन-तीन वर्षांनी आजचे नवे तेच जुने होतील आणि चक्र पुढं चालू. फक्त एक, तो रेसचा सेट भिजलेल्या रस्त्यावर काढायचा नाही, आणि नक्षीच्या खाचेत जे छोटे उंचवटे असतात त्यांच्या बरोबरीला रबर आलं म्हणजे १.६ मिमी उरलं, कायद्यानं पण संपला आणि अकलेनं पण. आणि वात घालून पंक्चर काढलेला टायर त्या सेटमधे नको.

“गाडी सरळच जायलती” ह्यातला अर्धा दोष टायरचा नसणार, हवेचा असणार. पुढच्या टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून बाजू सुरू होते तिथं, शाळेतल्या पांढऱ्या खडूनं तीन-चार ठिकाणी आडव्या रेघा मार. बाजूला तिथं कुठंतरी बारका त्रिकोण असतो. एक राउंड मारून ये आणि बघ. खडू त्रिकोणाच्या खालपर्यंत पुसला गेला असेल तर टायर कुशीवर लोळतोय, दोन पॉइंट (म्हणजे पीएसआय) हवा वाढव. त्रिकोणापर्यंत पोचलाच नसेल तर दोन कमी कर. दहा रुपयाच्या खडूच्या डबीत हे काम होतं. सोबत स्वतःचं प्रेशर गेज ठेव, पंपावरच्या मशिनीवर माझा विश्वास नाही. अलाइनमेंट करून घे, आणि ब्रेक ऑइल दोन वर्षात बदललं नसेल तर आधी ते.

कोईमतूरचा करी ट्रॅक २.१ किलोमीटरचा आहे, छोटा आणि वळणावळणाचा, टायरला दम खायला जागाच नाही. चेन्नईजवळचा ३.७ किलोमीटरचा, तिथं जरा श्वास मिळतो. तुला हजाराच्या वर किलोमीटर जायचंय आणि त्याच गाडीनं परत यायचंय हे लक्षात ठेवून चार राउंड जोरात, एक राउंड सावकाश असं चालव. राउंड मारून आल्या आल्या गरम टायरची हवा बघ, सकाळपेक्षा चार-पाच पॉइंट चढलेली असते, तेवढी काढायची आणि निघताना टायर गार झाल्यावर परत भरायची. ही परत भरायची गोष्ट निम्मे लोक विसरतात. आणि इन्शुरन्सचे कागद नीट वाच, रेसमधे नाहीतर वेगाच्या चाचणीत झालेलं नुकसान नेहमीची पॉलिसी देत नाही.

प्रश्न : भाऊ, मला गाड्यातलं काही कळत नाही पण मुलगा इंजिनिअरिंगला आहे, त्याच्याकडं पल्सर एनएस २०० आहे. त्याला मागं चौडा टायर टाकायचाय, १५० का काहीतरी म्हणतो, सांगतो की पकड वाढते म्हणून सेफ्टीसाठीच मागतोय. रविवारी मित्रांसोबत धारूर घाटात जातात. पैसे द्यावेत का?
— परभणी

उत्तर : ताई, पैसे द्या, पण चौड्या टायरला नाही.

त्याच्या गाडीला कंपनीनं मागं १३०/७०-१७ आणि पुढं १००/८०-१७ दिलेलं आहे. डिस्क १३० च्या हिशोबानं आहे. तिच्यावर १५० चा टायर चढवला की दोन्ही बाजूनं तो आत दाबला जातो, मधे टोक निघतं, जसं पोळी जास्त मोठी लाटली आणि तव्यात मावेना तर कडा दुमडतात तसं. मग सरळ रस्त्यावर मधली पट्टी झिजते, आणि वाकल्यावर टायरची कड जमिनीला ज्या आकारात टेकायला पाहिजे त्या आकारात टेकतच नाही. दिसायला भारी, फोटोत एकदम भारी, पण घाटात गाडी वाकायला जड आणि मधेच पटकन पडल्यासारखी वाटते. वर जास्तीचं वजन, ॲव्हरेज कमी, चेनच्या कव्हरला घासणं वेगळं. मोटरसायकलचा टायर एका वेळी जमिनीला दोन-तीन बोटांएवढाच टेकतो, रुंदी वाढवून ते दुप्पट होत नाही, रबर चांगलं असलं तर तेवढंच पुरतं.

त्याला म्हणावं मापात राहून चांगल्या रबराचा घे आणि दोन्ही एकदम घे. पोरं मागचा नवा टाकतात आणि पुढचा गोटा होईपर्यंत पळवतात, आणि पडताना बहुतेक पुढचंच चाक निसटतं कारण ब्रेकचा सगळा भार पुढं येतो. मिशेलिनचा पायलट स्ट्रीट, टीव्हीएस युरोग्रिपचे प्रोटॉर्क, एमआरएफचे रेव्ह्झ, ह्यातलं त्याच्या मापात जे ताज्या तारखेचं मिळेल ते चालेल, ह्यातल्या ह्यात फरक काढून रात्रभर वाद घालायला त्याचे मित्र आहेतच. नवे टायर टाकल्यावर पहिले दीड-दोनशे किलोमीटर सांभाळून, वर साच्याचा गुळगुळीतपणा असतो, दुकानातनं निघाल्या निघाल्या पहिल्याच चौकात पडलेली पोरं मी बघितलीत. त्या दिवसात घाट नको.

आणि घाटाचं, ताई, तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो. धारूरच्या वळणापलीकडं उसाची डबल ट्रॉली उभी असते, रिफ्लेक्टर नसलेली, रस्त्यावर पाचट सांडलेलं. पाचटावर कोणताच टायर धरत नाही, पाच हजाराचा नाही आणि पन्नास हजाराचा पण नाही. रस्त्यावर शर्यत लावली आणि पकडले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पाच हजारापर्यंत दंड नाहीतर तीन महिन्यापर्यंत कैद, नाहीतर दोन्ही, दुसऱ्यांदा सापडला तर दहा हजारापर्यंत दंड किंवा वर्षापर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. त्याला खरंच हौस असेल तर ट्रॅक डेची, म्हणजे पैसे भरून रेसच्या ट्रॅकवर गाडी चालवायच्या दिवसाची, फी मी भरते म्हणावं, अट एकच, आधी पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट आणि लेदरचा सूट तू स्वतः कमव. बघा किती दिवस टिकते हौस. टिकली तर पोरगं खरंच चांगलं चालवणारं निघेल.

प्रश्न : मी महिन्यातनं तीन-चारदा समृद्धीनं जालना ते नागपूर करतो. आमच्याकडं सगळे सांगतात की उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची म्हणजे टायर फुटत नाही, नायट्रोजन भरला तर अजून चांगलं. खरं का? आणि सेकंडहँड जपानी परफॉर्मन्स (जास्त पकडीचे) टायर मिळायलेत अर्ध्या किमतीत, घ्यावे का?
— जालना

उत्तर : हवा कमी ठेवा हे ज्यानं पहिल्यांदा सांगितलं त्याला शोधून काढलं पाहिजे. टायर फुटतो तो हवा जास्त झाल्यानं क्वचितच, बहुतेक वेळा कमी हवेनंच. हवा कमी असली की बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते, तार वाकवून वाकवून तोडतो आपण तेव्हा ती हाताला गरम लागते ना, तसंच आत होतं. समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे, एक चाक मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे मारतं, वाटेत सिग्नल नाही, चहाची टपरी नाही, सव्वा-दीड तास सलग तेच. वर सिमेंटचा रस्ता तापलेला आणि गाडीत पाच माणसं आणि डिकीत लग्नाचं सामान. सातशे एक किलोमीटरचा तो रस्ता चांगला आहे, आपणच चाळीस मिनिटाच्या खेड्यातल्या रस्त्याची सवय घेऊन त्याच्यावर जातो.

तेव्हा सकाळी गाडी हलवायच्या आधी, टायर गार असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो त्याच्यावर लिहिलंय तेवढी हवा, गाडी भरलेली असेल तर त्याच स्टिकरवर जास्तीचा आकडा दिलेला असतो तो. दहा अंश तापमान वाढलं की साधारण दीड पॉइंट हवा आपोआप वाढते, कंपनीनं ते धरूनच आकडा दिलेला असतो. दुपारी वाटेत बघितली, चार पॉइंट जास्त दिसली आणि काढून टाकली, तर संध्याकाळी गार झाल्यावर तुम्ही कमी हवेवर चालताय.

नायट्रोजन फुकट मिळाला तर घ्या, नाही मिळाला तर साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो. उरलेल्या पैशाचा चांगला गेज घ्या.

सेकंडहँड जपानी नको. त्या टायरनं आधी काय काय खाल्लंय, किती फुटपाथ चढलाय, कुठं पाच वर्ष उन्हात पडलाय हे कुणालाच माहीत नसतं, विकणाऱ्याला पण. बाजूला बारीक भेगा असल्या की त्याच्यावर काळं पॉलिश मारतात. जालन्यात सळ्यांच्या ट्रकमागं जाऊन खिळे-तुकडे झेललेला स्वतःचा टायर निदान ओळखीचा तरी असतो.

प्रश्न : आमच्या भागात बैलांच्या शंकरपटासारखं मोकळ्या रानात मातीवर ऑटोक्रॉस घ्यायचं चाललंय. जुनी आल्टो आहे. परफॉर्मन्स टायर टाकू का?
— धाराशिव

उत्तर : माती असेल तर डांबराचा परफॉर्मन्स टायर विसरा. गुळगुळीत चौड्या टायरला मुरमावर धरायला काही मिळत नाही, तिथं अरुंद टायर आणि उघडी, ठोकळ्यांची नक्षी पाहिजे जी वरची धूळ कापून खालच्या कडक जमिनीला पोचते. आणि बाजूची भिंत जाड पाहिजे, दगडानं पहिली तीच फाटते. जुन्या आल्टोला कंपनीच्या मापात जी सगळ्यात खडबडीत नक्षी मिळेल ती टाका, हवा डांबरापेक्षा थोडी कमी, पण इतकी कमी नाही की दगडावर डिस्क आपटेल. काळ्या मातीत पाऊस पडून गेल्यावर घेणार असाल तर घेऊच नका, पाच मिनिटात चारी चाकाला मातीचे लाडू बांधले जातात, मग बैलच बरे. प्रेक्षक दोरीच्या मागं आणि तेही वळणाच्या आतल्या बाजूला, बाहेरच्या नाही, एवढं मात्र पाळा.

प्रश्न : टायर काळे कुळकुळीत दिसावेत म्हणून पॉलिश मारतो. दोन चाकीला पण मारलं तर चालेल का?
— नांदेड

उत्तर : चारचाकीच्या बाजूला मारा, हौस आहे. दोन चाकीच्या टायरला नको, ते कडेनं ओघळून नक्षीवर येतं आणि पहिल्याच वळणाला तुम्ही रस्त्यावर काळे कुळकुळीत. मारलं असेल तर आजच साबणाच्या पाण्यानं घासून काढा.